हवाई दलाच्या इतिहासाचे मंडळ चालवताना या चुका टाळा

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 हे लढाऊ विमान हवाई दलातून निवृत्त झाले. त्यानंतर लातूर, बीड आणि नांदेड या तिन्ही ठिकाणांहून मला जवळजवळ एकाच मजकुराचे फोन आले. हवाई दलाच्या इतिहासाचे मंडळ काढायचे ठरले आहे, चौकात उभे करण्यासाठी जुने विमान कोणाकडे मागावे, असा प्रश्न होता. सभासद किती, असे विचारले तर कोणाकडे चार होते, कोणाकडे पाच, आणि नोंदणी कोणाचीच झालेली नव्हती. विमान ही मंडळाने सर्वांत शेवटी मागायची वस्तू आहे, हे मी दरवर्षी सांगतो आणि पुढेही सांगत राहीन. त्याला पक्का चौथरा लागतो, कुंपण लागते, ठरावीक काळाने रंग लागतो. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात टायर तडकतात, वैमानिकाच्या डोक्यावरची काच धुरकट होते आणि हवा आत घेणाऱ्या तोंडांत साळुंक्या घरटी करतात. आमच्या परभणीच्या मंडळाने पहिल्या वर्षी एक लोखंडी कपाट, एक जाड रजिस्टर आणि एक स्कॅनर एवढीच खरेदी केली. आजही त्यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही.

नोंदणीतल्या चुकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या कागद नीट वाचल्याने टळतात. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 प्रमाणे किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची नोंद सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून धर्मादाय कार्यालयातही करावी लागते. नावात ‘भारतीय’ किंवा ‘राष्ट्रीय’ घालण्याचा मोह आवरावा. शासकीय वाटणारी नावे मंजूर होत नाहीत, आणि आमचा पहिला अर्ज त्याच हट्टापायी परत आला होता. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, दाखल करावा. सातही सभासद एकाच घरातले किंवा एकाच भावकीतले नसावेत, कारण पहिले भांडण झाले की मंडळ मिटते.

आता मला सर्वांत जास्त सलणारी चूक. हवाई दलातून निवृत्त झालेल्या प्रत्येकाला आपले लोक ‘पायलट’ म्हणतात आणि मंडळेही तेच छापतात. नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी 2021 ते 2024 या काळात हवाई दलप्रमुख होते, याचा अभिमान आपल्या सर्वांना आहे आणि असलाच पाहिजे. परंतु मराठवाड्यातून हवाई दलात गेलेली बहुसंख्य माणसे एअरमन, म्हणजे अधिकारी नसलेले हवाई सैनिक होती. कोणी इंजिन फिटर, कोणी शस्त्रे बसवणारे, कोणी रडारवर बसणारे, कोणी भटारखान्यात. त्यांच्याकडे लॉगबुक, म्हणजे वैमानिकाच्या उड्डाणांची वही, नसते; डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवा संपताना मिळणारे नोंदींचे पुस्तक, असते. दोन्हींमधला फरक ज्याला कळत नाही त्याने मुलाखती घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मी मोठी किंमत देऊन कमावले आहे. मंडळाच्या दुसऱ्या वर्षी, 8 ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाला, आम्ही जिल्ह्यातल्या एका खेड्यातील एका वृद्ध माजी सैनिकाचा सत्कार ठेवला होता. डिसेंबर 1971 मध्ये ते जैसलमेरला होते. लोंगेवालाच्या ठाण्यावर पाकिस्तानी रणगाडे चालून आले, परंतु जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नव्हती, त्यामुळे 5 डिसेंबरला उजाडेपर्यंत थांबणे भाग होते. त्या रात्री हंटर सज्ज करणाऱ्या माणसांत हे काका होते. आमच्या एका उत्साही तरुण सभासदाने त्यांच्याशी फोनवर दहा मिनिटे बोलून पत्रक लिहिले, मी ते न तपासता छापायला दिले, आणि पत्रकात काका लोंगेवालाचे रणगाडे उडवणारे वैमानिक झाले. पाचशे प्रती वाटून झाल्यावर चौथ्या दिवशी ते एस.टी.ने परभणीला आले, शाल आणि स्मृतिचिन्ह माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “सर, गावात मला सगळे फिटर म्हणून ओळखतात. आता म्हणतील, म्हातारपणी खोटं बोलायला लागला.” आम्ही दुरुस्त पत्रक छापले आणि त्यांच्या गावात घरोघर जाऊन दिले. तरीही पुढचे वर्षभर ते आमच्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत, आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नाही.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली आहे. पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र काढायचे नाही. चहा घ्यायचा, गाव आणि घर समजून घ्यायचे. दुसऱ्या भेटीत डिस्चार्ज बुक समोर ठेवून ध्वनिमुद्रण करायचे, आणि हुद्दा, ट्रेड (कामाचा प्रकार), तुकडी व तारखा कागदावरूनच घ्यायच्या, स्मरणावरून नव्हे. तिसऱ्या भेटीत लिहिलेला मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा आणि प्रत्येक पानावर सही घ्यायची. तीन भेटी म्हणजे वेळेचा अपव्यय, असे नवे सभासद म्हणतात. त्यांना मी त्या पत्रकाची एक प्रत दाखवतो, जी मी अजून जपून ठेवली आहे.

दुसरी चूक आपल्या भागाची खास आहे, म्हणून तिच्याविषयीही सविस्तर लिहितो. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये ‘हैदराबाद’ नावाच्या तुकड्या होत्या. पहिल्या महायुद्धात 110 क्रमांकाच्या तुकडीला मिळालेली मूळ डी.एच.9ए विमाने निजामाच्या देणगीतून आली होती. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर उडवणारी 152 क्रमांकाची आणि हरिकेन उडवणारी 253 क्रमांकाची तुकडी हैदराबादचे नाव लावत होती, आणि या दोन्ही तुकड्या 1940 मध्ये ब्रिटनच्या आकाशातील लढाईत होत्या. एवढे वाचले की आपल्याकडे लगेच ‘मराठवाड्याच्या वैमानिकांनी लंडन वाचवले’ असे फलक तयार होतात. नावावरून माणसे ठरत नाहीत. त्या तुकड्या ब्रिटिश हवाई दलाच्या होत्या, हैदराबाद संस्थानाच्या फौजेच्या नव्हत्या, भारतीय हवाई दलाच्या तर नव्हत्याच. मराठवाड्याचा त्यांच्याशी खरा संबंध आहे, आणि तो मला फलकावरच्या खोट्या संबंधापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो: निजामाच्या तिजोरीत औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांचा शेतसारा जात होता. आपल्या पणजोबांनी भरलेल्या साऱ्याची ही कहाणी जुन्या महसुली कागदांतून शोधून काढावी लागेल. ते काम किचकट आहे आणि म्हणूनच कोणी हाती घेत नाही.

तारखांच्या बाबतीत एक सवय लावून घ्यावी: प्रत्येक फलकावर घटना आणि साल यांचा नेमका संबंध लिहावा. हवाई दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची, परंतु पहिली तुकडी कराचीजवळ ड्रिग रोडला चार वापिती विमानांसह उभी राहिली ती 1 एप्रिल 1933 रोजी. ‘रॉयल’ हे उपपद 1945 मध्ये मिळाले आणि 1950 मध्ये गेले. मधल्या काळातील कागदांवर ते असणारच, ते खोडू नये. निर्मलजितसिंग सेखों यांच्या छायाचित्राशेजारी मिग-21 लावलेले मी तीन प्रदर्शनांत पाहिले आहे. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर ते लढले ते नॅट विमानातून. ज्यांना परमवीर चक्र मिळाले त्यांचे विमान तरी बरोबर लावावे.

छायाचित्रांना सेलोटेप लावू नये. कागद लॅमिनेट करू नयेत, ते पुन्हा सुटत नाहीत. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये, आणि पावसाळ्यापूर्वी वाळवी व कसर तपासावी. कार्यक्रमात सभासदांना हवाई दलाचा गणवेश घालू नये. त्याला कायद्याची मनाई आहे. हवाई तळाच्या कुंपणापाशी उभे राहून विमानांची छायाचित्रे काढणे हा इतिहास नव्हे, त्यातून केवळ चौकशी ओढवते.

एक काम मात्र नवी मंडळे सोडून देतात आणि त्याला आता वेळ उरलेला नाही. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईत सोलापूरकडून नळदुर्गमार्गे भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात आले आणि हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने संस्थानावरून उडाली. आपल्या खेड्यांतील अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहिले ते तेव्हा. ज्वारीच्या शेतातून वर पाहणारी मुले, कडब्याच्या गंजीत लपणाऱ्या बायका, रझाकारांचे विमान समजून घाबरलेली माणसे, अशा आठवणी मी स्वतः ऐकल्या आहेत. तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मंडळाची नोंदणी होईपर्यंत यासाठी थांबू नये. आपल्या गावातील सर्वांत वयस्कर आजींची पहिली भेट याच आठवड्यात ठरवावी आणि सोबत घरातील कोणाला तरी बसवावे, कारण नातवाने विचारले की त्या जास्त बोलतात.