गच्चीवरची उंच झाडं का करपतात, का कलंडतात: मोठ्या कुंड्यांतल्या या चुका टाळा

एप्रिल संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोटो येतोच. गच्चीच्या कोपऱ्यात नवीकोरी मोठी कुंडी, त्यात पाच फुटी अरेका पाम, आणि पानांची टोकं भाजलेल्या पापडासारखी. खाली प्रश्न: "पाणी कमी पडतंय का हो?" बहुतेक वेळा पाणी व्यवस्थित असतं. चूक झालेली असते ती झाड निवडताना.

अरेका, ड्रेसिना, रबर प्लांट ही झाडं नर्सरीत दाराजवळ उभी असतात, उंच असतात आणि चटकन भरगच्च दिसतात. पण ती असतात हिरव्या शेडनेटखाली. तिथून ती थेट पुण्या-नागपूरच्या तापलेल्या गच्चीवर आणली, तर आठ दिवसांत रंग उतरतो. कोकणात जमिनीत, दमट हवेत अरेका उन्हात तग धरतो, म्हणून देशावर चौथ्या मजल्यावरच्या कुंडीतही धरेल, असं होत नाही.

उंची विकत घेऊ नका

माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे. पाच फुटांचं झाड आठ इंची पिशवीत उभं असेल, तर ते सावलीत उजेडाच्या ओढीने शेलाटलेलं असतं. खोड बोटाएवढं आणि मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली. मोठ्या कुंडीत लावल्यावरही ती मुळं त्याच वेटोळ्यात राहतात आणि बाजूची माती नुसती ओली राहते. त्याऐवजी अडीच-तीन फुटांचं, जाड खोडाचं, नेटबाहेर उन्हात ठेवलेलं रोप मागा. नर्सरीवाल्याला "पिशवी जरा उचलून दाखवा" म्हणायला लाजू नका. खालून मुळांची शेपटी जमिनीत घुसलेली असेल, तर ते रोप तिथेच राहू द्या. दोन पावसाळ्यांत छोटं रोप त्या पाच फुटीला गाठतं.

लावताना मुळांचा वेढा बोटांनी सोडवा किंवा सुरीने बाजूने तीन-चार उभे काप द्या. जीव वर-खाली होतो, पण झाडाला काही होत नाही.

आणि मोठी खरेदी मे महिन्यात करू नका. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस होऊ द्या. ढगाळ हवेत नवी पानं येतात, ती गच्चीच्या उजेडातच तयार होतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत झाड रुळलेलं असतं. अगदीच राहवलं नाही, तर पहिले दहा-पंधरा दिवस फक्त सकाळचं ऊन द्या, मग रोज थोडं वाढवत न्या.

"आमच्याकडे भरपूर ऊन येतं"

कधी येतं? गच्चीवर हा प्रश्न नाही, गॅलरीत आहे. दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात सूर्य खालून जातो, ऊन थेट आत शिरतं. मे महिन्यात मात्र तो डोक्यावर असतो. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जूनभर सूर्य भरदुपारी किंचित उत्तरेलाच असतो. वर स्लॅब असलेली दक्षिण गॅलरी तेव्हा सावलीत जाते. म्हणजे थंडीत बहरलेली बोगनवेल जूनमध्ये नुसती पानं काढत असेल, तर खताचा डबा उघडू नका. तिला ऊनच नाहीये. पश्चिमेच्या गॅलरीचं दुखणं उलटं: दुपारी दोननंतरचं तिरकं ऊन कुंडीच्या बाजूवरच पडतं. काळी प्लास्टिकची कुंडी तापते आणि कडेची मुळं शिजतात. कुंडीला गोणपाट गुंडाळा, पांढरा रंग द्या किंवा तिच्यापुढे दुसरी लहान कुंडी ठेवा.

मग लावायचं काय?

भर उन्हात, मोठ्या कुंडीत, माणसाएवढं किंवा त्याहून उंच होणारं आणि कमी कुरकुर करणारं म्हणाल तर बोगनवेल, देवचाफा, पिवळा टेकोमा, कढीपत्ता, डाळिंब, कागदी लिंबू. कण्हेरही चिवट आहे, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. घरात रांगतं मूल असेल तर नकोच.

यातही माणसं चुकतात, आणि बहुतेक वेळा प्रेमापोटी. चाफ्याचं बघा. थंडीत त्याची पानं गळतात, ते त्याचं झोपणं असतं. आपण घाबरतो, रोज बादलीभर पाणी घालतो आणि फेब्रुवारीत खोड दाबलं की स्पंजासारखं लागतं. पानं नसतील तेव्हा दहा-पंधरा दिवसांतून एकदा थोडं पाणी पुरे. खोड सडलंच, तर वरची निरोगी फांदी आत पांढरं लाकूड दिसेपर्यंत कापा, आठवडाभर सावलीत सुकू द्या, मग नव्याने लावा. पावसाळ्यात पानांखाली नारिंगी भुकटी दिसते तो तांबेरा. ती पानं तोडून टाका, कुंडीत पडू देऊ नका.

बोगनवेलीला आणि लिंबाला शेतकऱ्यांचा एक शब्द लावायचा: ताण. पाणी काही दिवस तोडलं की झाड फुलावर येतं. बागायतदार बहार धरतात तो याच जोरावर. गच्चीवर तेवढं काटेकोर जमत नाही, पण पानं किंचित मलूल होईपर्यंत थांबायला हरकत नसते. लिंबू मात्र कलमीच घ्या. बियांच्या रोपाला फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. कलमाच्या जोडाखालून फुटवे आले तर लगेच खुडा, नाहीतर तेच माजतात आणि वरचं कलम मरतं.

शेवगा ड्रममध्ये येतो, पण तीन फुटांवर शेंडा खुडला नाही तर सरळ आकाशात जातो. त्याचं लाकूड ठिसूळ असतं, पहिल्या वळवात मोडतं.

वजन आणि वारा

दोनशे लिटरचा निळा ड्रम मधून कापून दोन कुंड्या करणं स्वस्त पडतं. त्यात नुसती माती भरली आणि ती भिजली, की एका अर्ध्या ड्रमचं वजन दीडशे किलोच्या पुढे जातं. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 या भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण 150 किलोचा भार धरतात. एका ड्रमने स्लॅब कोसळत नाही, पण मध्यावर दहा ड्रमची रांग लावण्याआधी थांबा. खाली तुळई किंवा भिंत आहे अशा जागी, कडेने ठेवा. इमारत जुनी असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

वजन कमी करायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं प्रमाण वाढवावं, तर जुलैच्या वाऱ्यात कुंडी आडवी होते. इथे कुंडीचा आकार कामाला येतो. उंच, निमुळत्या, दिखाऊ कुंड्या या भांडणात नेहमी हरतात. बूड रुंद हवं. झाड कुंडीच्या मानाने फार वर जाऊ देऊ नका आणि पाऊस सुरू व्हायच्या आत छाटणी करा. काठीला बांधताना सुतळी आठच्या आकड्यात, सैल बांधा.

पाण्याच्या तक्रारी

तळाला विटांचे तुकडे भरायची जुनी सवय सोडा. पाणी बारीक मातीतून भरड थरात सहज उतरत नाही. ते मातीतच, थराच्या वर अडतं आणि मुळांना ओल धरते. भोकावर एक खापरी पुरते. कुंडी विटांवर ठेवा म्हणजे भोक मोकळं राहतं आणि मुळं स्लॅबच्या सांध्यात घुसत नाहीत.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह मिळत नाहीये. बोअरच्या जड पाण्यावरच्या लिंबाला आणि अनंताला हे फार होतं. चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या आणि पावसाचं पाणी साठवून वापरा. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चहाइतकं गरम असतं, ते आधी सोडून द्या.

पाणी घातल्याबरोबर खालून वाहत असेल, तर दोन कारणं. कोकोपीट पार वाळून माती कुंडीपासून सुटली असेल: मग हळूहळू, तीन हप्त्यांत पाणी द्या आणि फट बुजवा. किंवा तीन-चार वर्षांत कुंडी मुळांनी गच्च भरली असेल: मग जूनमध्ये झाड आडवं करून बाहेर काढा, करवतीने कडेची दोन इंच मुळं उतरवा, तेवढीच वरची छाटणी करा आणि नवी माती भरून परत त्याच कुंडीत लावा. दोन माणसं लागतात, आणि एक जुनी चादर.