केबलची मेगर व्हॅल्यू कमी येतेय? खोदकाम सुरू करायच्या आधी हे बघा

जुलै-ऑगस्टमधे महाड, लोटे, रोहा, तळोजा या बाजूच्या कुठल्याही प्लांटमधे जा, शटडाऊन संपत आलाय, फीडर (सप्लाय नेणारी केबल) चार्ज करायचाय आणि मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) ०.३ मेगाओहम दाखवतोय, हे चित्र दिसणारच. प्रोडक्शनवाले मागे लागलेले असतात आणि कोणीतरी लगेच बोलून जातं की केबल गेली, नवीन टाका. जरा थांबा. बहुतेक वेळा केबल मधे ठणठणीत असते, लोच्या टोकांना असतो किंवा मोजण्यात असतो. म्हणून आधी जे फुकटात तपासता येतं ते तपासायचं, करवत आणि जेसीबी शेवटी.

मी इथे ४१५ व्होल्टवर चालणारी १.१ केव्ही ग्रेडची एलटी (लो टेन्शन) केबल धरून सांगतोय, ११ केव्हीचं खाली थोडं आहे.

परमिट घ्या, दोन्ही टोकांना आयसोलेट करून लॉक-टॅग (कोणी चुकून चालू करू नये म्हणून कुलूप आणि पाटी) लावा, सप्लाय नाही हे मीटरने बघा (निऑन टेस्टरवर जीव टाकू नका), मग अर्थ करून डिस्चार्ज करा. लांबच्या टोकाला एक माणूस उभा पाहिजे आणि त्याचा फोन चालू पाहिजे, कारण तिकडच्या उघड्या लगवर (तारेच्या टोकाला दाबलेली धातूची जोडणी) पण मेगरचे १००० व्होल्ट येणार आहेत.

आता केबल दोन्हीकडून खरंच मोकळी करा. नुसता ब्रेकर ऑफ करून चालत नाही. मोटर, कपॅसिटर, मीटरचा पीटी (व्होल्टेज मोजणीचा छोटा ट्रान्सफॉर्मर), काहीही लागलेलं असेल तर मेगर त्या सगळ्यांचं मिळून रीडिंग देतो आणि शिव्या केबलला बसतात. सर्ज अरेस्टर (जास्तीचं व्होल्टेज अर्थला सोडणारं उपकरण) असेल तर तो टेस्ट व्होल्टेजला स्वतःच कंडक्ट करायला लागतो आणि व्हॅल्यू धाडकन खाली येते. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लागलेला असताना मेगर मारला तर ड्राइव्हच उडू शकतो, ते बिल वेगळं. आणि न्यूट्रल! ट्रान्सफॉर्मरचा स्टार पॉइंट (तिन्ही फेजच्या वाइंडिंगचा सामाईक बिंदू, जिथून न्यूट्रल निघतो) अर्थ केलेला असतो, त्यामुळे साडेतीन कोअर (कोअर म्हणजे केबलमधली एकेक इन्सुलेटेड तार, इथे तीन फेज आणि एक बारीक न्यूट्रल) केबलचा न्यूट्रल उचलला नाही तर न्यूट्रल-अर्थ शून्यच येणार, यावर लोकांनी अर्धा अर्धा दिवस घालवलाय.

मेगरच्या लीड्स पण बघा, उघड्या ठेवल्यावर इन्फिनिटी आणि एकमेकींना टेकवल्यावर शून्य यायला पाहिजे. ओल्या फरशीवर लोळणारी लीड स्वतःच लीकेज देते.

मग १००० व्होल्टवर प्रत्येकी एक मिनिट, आर-अर्थ, वाय-अर्थ, बी-अर्थ (आर, वाय, बी म्हणजे तीन फेज), न्यूट्रल-अर्थ आणि सगळ्या आपसातल्या जोड्या, आणि सगळं कागदावर लिहायचं. खरी माहिती त्या आकड्यांच्या पॅटर्नमधे असते. सगळे कोअर साधारण सारखेच खाली असतील तर टोकं ओली किंवा घाण आहेत किंवा केबलमधे पाणी शिरलंय. एकच कोअर खाली आणि बाकी मस्त, तर एका ठिकाणी काहीतरी झालंय, सोलताना ब्लेड लागलं असेल, उंदराने कुरतडलं असेल किंवा जॉइंट (केबल मधे जोडलेली जागा). दोन कोअर आपसात खाली पण अर्थला चांगले, तर जॉइंट किंवा जिथे कोअर वेगवेगळे होतात ती जागा आधी बघा. रीडिंग हळूहळू चढत असेल तर चांगलं लक्षण, वर जाऊन परत घसरत किंवा नाचत असेल तर ओल.

नुसत्या आकड्यावर मात्र भांडू नका. ५० मीटरला १०० मेगाओहम आणि ५०० मीटरला १० मेगाओहम ही एकाच दर्जाची केबल आहे, लांबी वाढली की व्हॅल्यू त्याच प्रमाणात कमी होणार. तापमानाचं पण तसंच, ढोबळमानाने १० डिग्री वाढले की व्हॅल्यू निम्मी, पीव्हीसीला तर अजून जास्त फरक पडतो, त्यामुळे लोड नुकताच काढलेल्या गरम केबलची तुलना थंड केबलशी करू नका. १ मेगाओहम ही या व्होल्टेजची कमीत कमी लिमिट म्हणून धरतात, पण जी केबल गेल्या वर्षी ५०० देत होती ती आज २ देतेय तर कागदावर पास असली तरी मला ती पसंत नाही.

आता टोकं. लग्स आणि कोअरवरची धूळ, तेल, केमिकलचा थर कोरड्या कपड्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ते पूर्ण उडून जाऊ द्या आणि मगच हीट गन लांबून फिरवा, इन्सुलेशन भाजू नका. परत मेगर मारा. व्हॅल्यू उठली तर काम झालं. नाही उठली तर मेगरचं गार्ड टर्मिनल वापरा, जे बऱ्याच साइटवर डब्यातून बाहेरच येत नाही. कोअरच्या इन्सुलेशनवर उघड्या तांब्याच्या तारेचे दोन-तीन वेढे घट्ट मारायचे आणि ती तार गार्डला. पृष्ठभागावरून जाणारा करंट मोजणीतून वगळला जातो. गार्ड लावून व्हॅल्यू चढली तर प्रॉब्लेम वरवरचा, तशीच राहिली तर आत आहे.

आत असेल आणि स्लॅक (जादा लांबी) असेल तर टोक फूटभर कापा आणि स्ट्रँड (कोअरच्या आतल्या बारीक तारा) उघडून बघा. स्ट्रँडमधे किंवा फिलरमधे (कोअरच्या मधली भरण) पाणी असेल तर बाहेरून कितीही गरम करा, ते निघत नाही, कोरडा भाग लागेपर्यंत कापत जायचं.

तरीही नाही, तर जॉइंट. जॉइंट उघडून केबलचे दोन भाग करा आणि दोन्ही वेगळे मेगर करा, वाईट भागात अजून जॉइंट असेल तर परत तेच. सोबत दोन्हीकडचा आर्मर (केबलवरचं धातूचं कवच) अर्थपासून सोडवून आर्मर-अर्थ मोजा, तिथे खाली आलं तर बाहेरचं शीथ (प्लास्टिकचं आवरण) कुठेतरी फाटलंय, बहुधा रोड क्रॉसिंगच्या पाइपमधे किंवा पाणी साचणाऱ्या ट्रेंचमधे. ०.३ मेगाओहमचा फॉल्ट टीडीआरला (पल्स पाठवून फॉल्टचं अंतर काढणारं यंत्र) दिसत नाही, त्याचा छोटा पल्स सरळ पुढे निघून जातो, तेव्हा हाय व्होल्टेज ब्रिज (रेझिस्टन्सच्या तुलनेने फॉल्टचं अंतर काढणारं यंत्र) किंवा थंपरवाली (जोराचे व्होल्टेजचे धक्के देऊन फॉल्टची जागा शोधणारं यंत्र) एजन्सीच बोलवा.

११ केव्हीला ५ केव्हीचा मेगर लागतो आणि तिथे पहिला संशय टर्मिनेशनवर (केबलचं तयार केलेलं टोक), सेमीकॉनचा (इन्सुलेशनवरचा अर्धवट कंडक्ट करणारा) काळा थर नीट न काढता किट चढवलं की व्हॅल्यू बसते. जुन्या एक्सएलपीई (क्रॉस-लिंक पॉलिथिलिन इन्सुलेशनच्या) केबलला डीसी हायपॉट (हाय व्होल्टेज टेस्ट) मारू नका, वॉटर ट्री (इन्सुलेशनमधे ओलीमुळे झाडासारख्या पसरलेल्या बारीक रेषा) असतील तर आज पास होऊन नंतर फुटते, त्याला ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीची एसी) टेस्ट करा. मेगर चांगला आला म्हणून वॉटर ट्री नाहीत असं पण नसतं.

प्रत्येक रीडिंगनंतर डिस्चार्ज करा, टेस्ट जितका वेळ चालली त्याच्या निदान चौपट वेळ अर्थ लावून ठेवा, लांब केबल जोरात झटका देते. सगळं परत जोडायच्या आधी शेवटचं रीडिंग तारीख, तापमान आणि लांबीसकट रजिस्टरमधे टाका, आणि जी टोकं आज जोडायची नाहीत त्यांना हीट श्रिंक (गरम केल्यावर आक्रसणारी) एंड कॅप लावा. प्लास्टिकची पिशवी आणि टेप नको, रात्रभराच्या पावसात त्यात पाणी भरतं.