टक्केवारीचा पैसा आणि प्राप्तिकर : उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र कसे तपासावे

रस्त्याच्या किंवा धरणाच्या ठेक्यातून घेतलेल्या टक्केवारीवर कर लागत नाही, हा समज चुकीचा आहे. उत्पन्न बेकायदेशीर मार्गाने आले तरी ते करपात्रच असते. ज्या पैशाचा खुलासा देता येत नाही त्यावर तर 2016 च्या दुरुस्तीने अधिभार व उपकर धरून सुमारे 78 टक्के कर बसवला. अर्थात विवरणपत्रात लाच ही लाच म्हणून कोणी दाखवत नाही. ती रोखीत किंवा बेनामी राहते, नाही तर शेतीचे उत्पन्न, भेट किंवा हातउसने कर्ज होऊन कागदावर येते.

विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात ठरवल्यामुळे माहिती अधिकारात ते सहसा मिळत नाही. म्हणून उमेदवारी अर्जासोबत द्याव्या लागणाऱ्या नमुना 26 मधील प्रतिज्ञापत्राला महत्त्व आहे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून एकाच उमेदवाराची लागोपाठच्या दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रे उतरवून घ्यावीत. उमेदवार, जोडीदार आणि अवलंबित या सर्वांची मालमत्ता एकत्र करून त्यातून कर्जे वजा करावीत व दोन्ही वर्षांतील फरक काढावा. हा फरक प्रतिज्ञापत्रातच नोंदवलेल्या, विवरणपत्रांतील पाच वर्षांच्या उत्पन्नाशी ताडून पाहावा. मात्र जुन्या जमिनीचा नुसता भाव वाढला असेल तर ती वाढ आधी बाजूला काढावी, कारण ती न काढता केलेला आरोप अन्यायाचा ठरतो. त्यासाठी खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत हे रकाने उपयोगी पडतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने करपात्र उत्पन्नाच्या आकड्यात ते दिसत नाही. तेव्हा तेवढ्या एकरांत, त्या पिकात, त्या पाण्यावर एवढे उत्पन्न निघते का, हे गावातल्या शेतकऱ्यालाच विचारावे.

कर भरला म्हणजे पैसा स्वच्छ झाला, असे मात्र मानू नये. 1991 ते 1996 या काळात तमिळनाडूच्या मुख्यमंत्री म्हणून महिना एक रुपया वेतन घेणाऱ्या जयललिता यांच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने 2014 मध्ये 53.60 कोटी रुपयांची मालमत्ता बेहिशेबी ठरवली. उच्च न्यायालयाने 2015 मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून सहआरोपींची शिक्षा कायम केली. जयललिता यांचे निधन झाल्याने त्यांच्यापुरते अपील संपुष्टात आले होते. त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, विवरणपत्रे भरली आणि करविभागाने ती स्वीकारली, एवढ्यावरून उत्पन्नाचा मार्ग कायदेशीर होता हे सिद्ध होत नाही. माझ्या मते हे वाक्य प्रत्येक मतदाराला ठाऊक असले पाहिजे.

तफावतीचा खुलासा कागदांवरून होत नसेल, तर करचुकवेगिरीची किंवा बेनामी मालमत्तेची तक्रार प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर करता येते. महाराष्ट्रात लाचेबाबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. प्रतिज्ञापत्रात माहिती दडवली असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रारीत आरोपाची भाषा टाळून दोन्ही प्रतिज्ञापत्रांतील आकडे, पान क्रमांक आणि सातबारा किंवा खरेदीखताची प्रत जोडावी.