लहान होडीसाठी जनरेटर निवडताना

वर्सोव्याच्या खाडीत नांगरलेल्या होडीवर दिवे, पंखा आणि छोटा फ्रीज चालवायचा असेल, तर प्रथम प्रत्येक उपकरणाच्या पट्टीवरील वॅट वाचून बेरीज करावी. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या दोन-तीन पट, प्रसंगी त्याहूनही अधिक वीज ओढतो. म्हणून १५० वॅटचा फ्रीज, ६० वॅटचा पंखा आणि ४० वॅटचे दिवे एवढ्या भारालाही १००० वॅटचा, शक्यतो इन्व्हर्टर प्रकारचा (स्थिर दाबाची वीज देणारा) जनरेटर घ्यावा. नुसते दिवे आणि मोबाइल असतील, तर जनरेटरच्या भानगडीत न पडता १२ व्होल्टची बॅटरी ठेवणेच शहाणपणाचे.

खरा धोका धुराचा आणि पेट्रोलच्या वाफेचा आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग-वास नसतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचून एका ठिणगीने पेटू शकते. म्हणून जनरेटर केबिनमध्ये किंवा फळ्यांखाली कधीही चालवू नये. उघड्यावर, धूर माणसांपासून दूर वाऱ्यावर जाईल असा घट्ट बांधावा आणि पेट्रोल धक्क्यावरच, इंजिन थंड झाल्यावर भरावे. एकट्याला उचलता येईल एवढेच वजन निवडावे, कारण ओहोटीला धक्क्यावरून होडीत तो हातानेच उतरवावा लागतो.