पांढरीवरची खापरं कशी गोळा करावीत

एम.ए.च्या प्रबंधिकेला उत्खनन लागतंच असं नाही. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना हवा. तापी-गिरणेकाठच्या एका पांढरीची (जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडाची) नीट पाहणी विषयाला पुरते. टेकाड संरक्षित असेल तर परवानगीशिवाय तुकडाही उचलू नका. एरवीही आधी शेतमालकाला विचारा.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास जा. कपाशी निघून नांगरट झालेली असते, खापरं वर येतात. ऊन भाजून काढतं, म्हणून काम सकाळी नवाच्या आत उरका. केळीच्या बागेत पाल्याखाली जमीन दिसत नाही. तिथे ‘खापर नाही’ लिहू नका, ‘पाहिलं नाही’ लिहा.

दोरी-खुंट्यांनी 10 × 10 मीटरचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनातली सगळी खापरं मोजा, पण उचला फक्त काठ, बूड, तोटी आणि नक्षीचे तुकडे. पिशवीत चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली हवी (शाई ओलीत पसरते): गाव, गट क्रमांक, चौकोन, तारीख.

नक्षी पुसट वाटली तर खापरावर पाण्याचा थेंब चोळा, काळी रेघ उठून दिसते. इथे ताम्रपाषाणयुगातले (तांब्या-दगडाच्या हत्यारांच्या काळातले) दोन प्रकार ओळखायला शिका: जोर्वे आणि सावळदा. जोर्वे खापर पातळ, पक्कं भाजलेलं. नखाने टिचकी मारली की खणकतं. सावळदा जाड असतं, वरच्या लेपाला बारीक तडे गेलेले, कधी त्यावर बाण-भाल्यांची चित्रं. सावळदा हे नाव तापीकाठच्या गावावरूनच पडलं. याच भागातल्या प्रकाशे आणि बहाळ या गावांतल्या उत्खननांचे अहवाल शेजारी ठेवून काठांचे आकार ताडून पाहा. नुसत्या रंगावरून काळ ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

खरी फसगत मातीमुळे होते. पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून गेली, धाब्यांवर (घरांच्या सपाट मातीच्या छतांवर) चढली, गढ्यांच्या भिंतींत गेली. त्यामुळे पडक्या गढीच्या माथ्यावर ताम्रपाषाणयुगीन खापर सापडणं सहज शक्य आहे, त्यावरून गढीचा काळ काढता येत नाही. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, वरचे तुकडे खोल उतरतात. विहिरीच्या कडेला दिसलेल्या थरावरही एकदम विसंबू नका. शेतात विरळ विखुरलेली खापरं दिसली, की माती कुठून आणली होती ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि उत्तर नोंदवहीत चौकोनासमोर लिहा.

धुताना मऊ ब्रश वापरा, नक्षी घासू नका, सावलीत वाळवा. क्रमांक आतल्या बाजूला, नक्षी सोडून घाला. भांड्यात काय शिजत होतं याची रासायनिक तपासणी करायची असेल, तर ते तुकडे धुवूच नका.