‘बाप्तिस्मा नसेल तर तारण नाही का?’ असं विचारणाऱ्याला उत्तर कसं द्यावं

दरवर्षी ईस्टरच्या आधी मिरजेत आमच्या पुढच्या खोलीत बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग बसतो. सहा-सात जणं असतात, चटईवर दाटीवाटीनं. पहिल्या नाहीतर दुसऱ्या रविवारी कुणीतरी हा प्रश्न काढतंच: बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होताना घ्यायचा पाण्याचा संस्कार, झाला नसेल तर तारण, म्हणजे पापातून सुटका, होणारच नाही का? मी चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली आणि आता बारा वर्षं हा वर्ग घेते. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलधारे, शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या, बाई, घरातली मोठी माणसं, म्हणजे ज्यांना कधी ना कधी हे उत्तर द्यावं लागणार आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

उत्तर देण्याआधी विचारणारा कोण आहे ते बघा. हे मी फार उशिरा शिकले. रात्रपाळी होती. सातव्या महिन्यात झालेलं बाळ, जेमतेम अकराशे ग्रॅमचं. छातीचा पिंजरा श्वासागणिक आत ओढला जात होता. त्याची आई म्हणाली, “सिस्टर, याला पाणी घाला ना, बाप्तिस्मा द्या.” मी म्हणाले, सकाळी पाळकसाहेब येतील. पहाटे चारच्या आत बाळ गेलं. मग तिनं विचारलं, “आता ते कुठं जाईल?” मी लहानपणी पाठ केलेलं, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातलं पाचवं वचन म्हटलं: पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय कोणी देवाच्या राज्यात जाऊ शकत नाही. वचन खरं होतं, पण मी ते चुकीच्या माणसाला सांगितलं. ते वचन रात्री येशूकडे आलेल्या निकदेमाला सांगितलेलं आहे. तो चांगला शिकलेला, धडधाकट माणूस होता. बाळंतपणाच्या खाटेवरच्या बाईला ते सांगितलेलं नाही.

म्हणून वर्गात कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, “कुणासाठी विचारतोयस रे?” मग खरं बाहेर येतं. कुणाची आजी बाप्तिस्मा न घेता गेलेली असते. कुणाला घरच्यांची भीती असते. कुणाला नुसतं पुढं ढकलायचं असतं. या तिघांना एकच उत्तर देऊ नका.

मग पवित्र शास्त्र उघडा, पण एका वचनावर भागवू नका. आमच्याकडे लोक लगेच मार्क 16:16, म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातलं सोळावं वचन, काढतात: जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल. ते शेवटपर्यंत वाचायला लावा. शिक्षा कुणाला, तर जो विश्वास धरत नाही त्याला. बाप्तिस्मा न घेणारा हा शब्द दुसऱ्या भागात नाही. शिवाय मार्काच्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत शेवटचा अध्याय आठव्या वचनावरच संपतो, हेही मोठ्या मुलांना सांगावं. एवढी मोठी शिकवण त्या एकाच खुंटीला टांगू नये.

मी वहीचं पान मधोमध दुमडायला सांगते. डावीकडे योहान 3:5, प्रेषितांची कृत्ये 2:38 आणि पहिलं पेत्र 3:21. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं तर तिथं बाप्तिस्मा तुम्हांला तारतो असं उघडच म्हटलंय. उजवीकडे लूक 23:43, वधस्तंभावरचा चोर: “आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.” त्याला कुठलं पाणी मिळणार होतं? त्याखाली इफिस 2:8, कृपेनं विश्वासाच्या द्वारे तारण. मग कृत्यांचा दहावा अध्याय, कर्नेल्य या रोमी शताधिपतीचं घर, जिथं पवित्र आत्मा आधी उतरतो आणि पेत्र पाणी नंतर मागतो. आणि प्रेषित पौलाचं ते वाक्य, ख्रिस्तानं मला बाप्तिस्मा करायला नाही तर सुवार्ता सांगायला पाठवलं. दोन्ही बाजू लिहून झाल्या की एकही बाजू खोडायची नाही, असं बजावते. मुलं कुरकुरतात. त्यांना हो किंवा नाही हवं असतं.

पान भरलं की कृत्यांच्या सोळाव्या अध्यायातली फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्ट वाचा, सावकाश. कैदेत पौल आणि त्याचा सोबती सीला. मध्यरात्र, भूकंप, दारं उघडलेली. तुरुंगाचा अंमलदार थरथरत विचारतो, तारण व्हावं म्हणून मी काय करू? उत्तर येतं, प्रभू येशूवर विश्वास ठेव. त्या उत्तरात बाप्तिस्मा नाही. पण पुढची दोन वाक्यं बघा. रात्रीच्या त्याच घटकेला तो पौल आणि सीलाच्या जखमा धुतो आणि लगेच तो व त्याच्या घरची माणसं बाप्तिस्मा घेतात. फटके खाल्लेली पाठ धुणं काय असतं ते मला माहीत आहे. रक्त वाळून कापड चिकटलेलं असतं, ते ओढायचं नसतं, पाणी सोडत सोडत सुटू द्यायचं. ज्याच्या हुकमाखाली हे दोघं खोड्यात अडकले होते, तोच माणूस दिव्याच्या उजेडात हे करतोय, आणि मग स्वतःचं डोकं पाण्याखाली देतोय. विश्वासानं तारण झालं आणि तो विश्वास सकाळपर्यंतही कोरडा राहिला नाही. माझं उत्तर या गोष्टीत आहे. बाप्तिस्मा तारण विकत घेत नाही, पण तारण झालेला माणूस त्याला बाजूला सारत नाही.

तुमच्या मंडळीचं मत हेच एकमेव ख्रिस्ती मत आहे असं मात्र सांगू नका. शेजारच्या घरात वेगळं शिकवत असतील, आणि पोर उद्या येऊन विचारेल. कॅथलिक मंडळी बाप्तिस्मा तारणाला आवश्यक मानते, पण त्यांच्याच 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात लिहिलंय की देवानं तारण बाप्तिस्म्याशी बांधलं, तरी तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. जर्मन धर्मसुधारक लुथरच्या अनुयायांनी 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, तो आवश्यक म्हटला. बॅप्टिस्ट त्याला आतल्या विश्वासाची बाहेरची साक्ष मानतात आणि जाणत्या वयातच बुडवून देतात. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. आमच्या मिरजेत मिशनचं काम प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी केलं. डॉक्टर वान्लेस यांनी इथला दवाखाना 1894 मध्ये उभा केला. त्यांच्या परंपरेचं वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र सतराव्या शतकातलं. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: हा संस्कार तुच्छ लेखणं मोठं पाप आहे, आणि तरीही याच्याशिवाय कुणाचं तारण होऊच शकत नाही असं नाही. मला याहून नेमकं सांगता आलेलं नाही. 1970 मध्ये नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि जाणत्यांचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य ठेवून लोक एका मेजाभोवती बसले. असं बसता येतं, हेही मुलांना कळू द्या.

आता घरच्यांना भिणारी व्यक्ती. तासगावकडची एक बाई माझ्याकडे येते. बेदाण्याच्या शेडवर निवडणीचं काम करते. चार वर्षं प्रार्थना करतेय, उपासनेला मागच्या बाकावर बसते, पण सासरचे बाप्तिस्म्याचं नाव काढू देत नाहीत. तिनं विचारलं, “बाई, तोवर मी मेले तर?” अशा माणसाला घाई करू नका. भीती तर मुळीच घालू नका, आणि चोरून उरकून टाकू असंही सुचवू नका. मी तिला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं सांगितलं. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी संसाराची ताटातूट सोसली, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या. म्हणजे किंमत काय असते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्याच टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तशिष्य भाऊ म्हणून बसावेत असं त्यांना वाटत होतं. मी तिला म्हणाले, तू दारातली नाहीस, आतलीच आहेस. पण बाप्तिस्मा नको असं मात्र मनात आणू नकोस. मागत राहा, नवऱ्याशी बोलत राहा.

पुढं ढकलणाऱ्याचं वेगळं. “लग्न झाल्यावर घेतो”, “ऊस कारखान्याला गेला की बघू.” त्याला चोराची गोष्ट सांगू नका, तो तिच्या आड लपेल. त्याला कृत्यांच्या आठव्या अध्यायातला कूशी, म्हणजे इथिओपियाचा, अधिकारी वाचायला द्या. रथ चाललाय, वाटेत पाणी दिसतं आणि तो म्हणतो, हे बघा पाणी, मला काय अडचण आहे? रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहानं मरणाच्या दारात, 337 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याला तेवढा वेळ मिळाला. माझ्या वॉर्डात कित्येकांना मिळाला नाही.

आणि ज्याचं माणूस गेलंय तो. इथं वही काढू नका. 392 मध्ये दुसरा व्हॅलेंटिनियन हा रोमचा तरुण बादशहा बाप्तिस्म्याची वाट बघत असतानाच मेला. मिलानच्या अँब्रोझ बिशपांनी त्याच्या रडणाऱ्या बहिणींना सांगितलं की त्यानं मागितलं होतं, आणि मागितलं म्हणून त्याला मिळालं. ज्याच्या मनात इच्छा होती त्याच्या घरच्यांना हे सांगा. तान्ह्या बाळाला इच्छा कुठून असणार? पण त्याच्या आईनं मागितलेलं असतं. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारण आहे, असं कॅथलिक धर्मपंडितांच्या आयोगानंही 2007 मध्ये म्हटलं.

नर्स असाल तर एक गोष्ट आधीच करून ठेवा. आपल्या पाळकांना विचारा की बाळ जाण्याच्या बेतात असेल तर मी काय करायचं. कॅथलिक मंडळीत अशा वेळी कुणीही देऊ शकतं: डोक्यावर तीनदा पाणी, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं, आणि मंडळीच्या मनात जे आहे तेच करायचा हेतू. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते काम पाळकांचंच मानतात. मग फोन नंबर हाताशी हवा, आणि रात्री दोनला फोन करायची लाज नको. मी त्या रात्री फोन केला नव्हता.

बाळ गेलंच, तर आईजवळ बसा. तिनं विचारलं की कुठं गेलं, तर सांगा की ज्यानं बालकांना माझ्याकडे येऊ द्या म्हटलं त्याच्याकडे गेलं. वचनाचा आकडा सांगू नका. नंतर तिला विचारा की नाव काय ठेवणार होता. आणि प्रार्थनेत ते नाव घ्या. त्या रात्रीच्या बाईला मी ते विचारलंच नाही. केस पेपरवर ‘बेबी ऑफ’ एवढंच लिहिलं होतं.