बायकांवरच्या हिंसेचा सर्वे करताय? या चुका टाळा

यवतमाळकडच्या एका गावात पहिल्या दिवशी माझे अकरा फॉर्म झाले आणि अकराही ठिकाणी "हिंसा झाली का?" पुढे "नाही". मी येडी खूश, म्हटलं गाव चांगलं दिसतं. संध्याकाळी हापशीवर त्यातलीच एक बाई भेटली, सहज बोलता बोलता म्हणते, "हिंसा नाई वो मॅडम, पिऊन आला का मारते थो, पण ते तं होतेच."

म्हणजे चूक बाईची नाही, आमच्या फॉर्मची. "हिंसा", "अत्याचार", "छळ" हे पेपरातले शब्द आहेत, आपल्या घरातल्या मारझोडीला ते कोणी लावत नाही. कृतीच विचारायची, चापट मारली का, ढकललं का, केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला का, आणि प्रत्येक वेळी आधी "कधी तरी" आणि मग "गेल्या बारा महिन्यांत" असं वेगवेगळं, नाहीतर रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे एकत्र होतात आणि कशाचा काही पत्ता लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण असंच कृतीवार विचारतं, म्हणून 2019-21 च्या फेरीत देशभरात लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या बायकांपैकी 29.3 टक्क्यांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. पोलिसांचे आकडे घेऊन "आपल्या तालुक्यात प्रमाण कमी" असं लिहिणाऱ्यांना तर हात जोडते, तिथं फक्त ठाण्यापर्यंत पोचलेल्या बाया मोजल्या जातात.

दुसरी मोठी गडबड म्हणजे सासू. ओसरीवर तुरी निवडत बसलेली सासू कानानं आत असते. "आई, जरा बाहेर जाता का" म्हटलं की संपलंच, तिला कळतं काहीतरी आहे. आम्ही मग सगळीकडे "बायकांच्या आरोग्याचा सर्वे" एवढंच सांगायला लागलो (बाईला मात्र एकटी असताना खरं काय ते सांगून परवानगी घ्यायची), आणि कोणी आत आलं की लगेच पान उलटून "कापूस वेचून पाठ किती दुखते?" सुरू. हे पान आधीच तयार ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडून द्या आणि तसं नोंदवा, कोऱ्या जागेला "नाही" समजू नका.

घरात दोन जावा असतील तर एकीलाच विचारा, चिठ्ठी टाकून. दोघींना विचारलं की रात्री घरात चर्चा आणि मार पुन्हा बायांनाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2001 च्या सूचनांमध्ये बाईची सुरक्षितता आधी, माहिती नंतर, हे स्पष्ट आहे.

वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला जाऊ नका, बाया वावरात असतात आणि घरी सापडतात त्या बहुतेक म्हाताऱ्या किंवा बाळंतिणी, तुमचा नमुनाच वाकडा होतो. गावातलीच पोरगी सर्वेला ठेवू नका, ती कोणाची ना कोणाची नणंद निघते. आणि 181 या महिला हेल्पलाइनचा नंबर छापलेलं पत्रक हातात देऊ नका, ते उशीखाली सापडतं. आम्ही लसीकरणाच्या कार्डासारखं छोटं कार्ड केलं, त्यावर दवाखाना, अंगणवाडी, रेशन असे आठ-दहा नंबर आणि मध्ये कुठंतरी तो.